एकाच नाकपुडीतली ‘सर्दी’
कर्जत तालुक्यात सर्दीला निमित्त शोधावं लागत नाही; उन्हाळ्याची धूळ आणि ज्वारीची मळणी पुरेशी असते. म्हणूनच वाकलं की एकाच नाकपुडीतून टपटपणारं पाणीही सर्दीच्या गोळ्यांवर निभावून नेलं जातं. पण ते पाणी खारट लागत असेल, रुमाल वाळल्यावर कडक होत नसेल आणि हे सगळं दुचाकीवरून डोक्यावर पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर ते कवटीच्या तळाला पडलेल्या भोकातून गळणारं मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

शरीर ते रोज सुमारे ५०० मिलिलिटर बनवतं. भीती ते संपण्याची नाही. त्याच भोकातून जंतू आत शिरून मेंदूच्या आवरणाला संसर्ग होण्याची.

थेंब बाटलीत धरून त्यात ‘बीटा-२ ट्रान्सफेरिन’ शोधतात. शेंबडात हे प्रथिन नसतं. भोक कुठे आहे, ते बारीक कापांचा सीटी स्कॅन दाखवतो.

१९२६ मध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशी गळती बंद केली. आता दुर्बीण नाकातूनच जाते आणि मांडीतलं किंवा नाकातलं आवरण ठिगळासारखं बसवलं जातं. अपघातानंतरची बरीचशी गळती मात्र आठवडाभराच्या विश्रांतीनेच थांबते. तेवढे दिवस नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, पाण्याची कळशीही उचलायची नाही.