बालाघाटाच्या आडवाटा

दिवसभर पेढीवर शेजारी बसणारे पतिपत्नी बहुधा जमा-उधारीचेच बोलतात. अशा उभयतांनी सुट्टीला मोटारसायकलवरून बालाघाटाच्या आडवाटा धराव्यात.

धाराशिव शहरापासून अवघ्या आठ किलोमीटरवर डोंगरात लेणी आहेत. मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यातील राजा करकंडू येथे येतो; पार्श्वनाथांच्या सिंहासनावरील गाठ फोडताच पाणी उसळते, अशी ती कथा. मूळ लेणी बौद्धांची की जैनांची, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. गाभाऱ्यातील अंधाराला डोळे सरावले, की पार्श्वनाथांची भव्य मूर्ती हळूहळू उजळत जाते आणि बोलणे आपोआप थांबते. शिखरजीची यात्रा अनेकदा केलेल्या जवळच्याच काही घरांनी हे लेणे पाहिलेले नसते, याचे नवल वाटते.

पुढे येडशीच्या रामलिंग अभयारण्यातील वळणे, आणि दुसऱ्या दिवशी भूम तालुक्यातील कुंथलगिरी. देशभूषण-कुलभूषणांची ही मोक्षभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही १९५५ साली येथेच झाली.

पावसाळ्यात वाटेवर जीवजंतू फार, म्हणून हिवाळा निवडावा. गाळलेले पाणी सोबत असावे. दिवस लहान असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय दुपारीच पाहावी. आणि मागे बसणाऱ्या सौभाग्यवतींनाही हेल्मेट हवेच. 'इथेच तर जायचे' ही सबब घाटात चालत नाही.