वालुकाश्मावरची चढाई : दगड पहिला, विक्रम नंतर

सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर हात घट्ट झालेले पुण्या-मुंबईचे प्रस्तरारोहक हिवाळा लागला की कर्नाटकातील बदामीची वाट धरतात. बागलकोट जिल्ह्यातील चालुक्यांच्या या जुन्या राजधानीत तांबूस वालुकाश्माचे उभे कडे आहेत. बदामीची ख्याती प्रामुख्याने दोर लावून केल्या जाणाऱ्या चढाईची असली, तरी कड्यांवरून कोसळलेल्या शिळांवर बोल्डरिंगही केले जाते. दोर नाही, खिळे नाहीत. चार-पाच मीटर उंचीची शिळा, खाली जाडजूड गादी आणि शेजारी सावध साथीदार, एवढ्यावर हा खेळ चालतो. मात्र खेळ साधा असला, तरी त्यासाठी वालुकाश्माची नवी जागा तयार करणे साधे नाही.

याचे कारण दगडाच्या घडणीत आहे. महाराष्ट्राचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजला. बदामीचा दगड त्याहून कितीतरी जुना असून, तो वाळूचे थर साचून व दबून तयार झाला आहे. गारगोटीचे कण सिलिका, लोहाची संयुगे यांसारख्या खनिजांनी एकमेकांना चिकटलेले असतात. वालुकाश्म किती टणक, हे या चिकटीवर अवलंबून असते. अनेक ठिकाणी पाण्याबरोबर बाहेर आलेली खनिजे पृष्ठभागावर साठून एक कठीण कवच तयार होते आणि आतला दगड तुलनेने मऊ राहतो. हे कवच एकदा फुटले, की पुढची झीज झपाट्याने होते.

ओला दगड, कच्ची पकड

वालुकाश्माचा दुसरा शत्रू पाणी. कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत पाणी शिरले, की त्यांना बांधणारी चिकटी दुबळी होते. काही वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर निम्म्याहूनही अधिक घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. दगड वरून कोरडा दिसतो, पण आतला ओलावा टिकून असतो. त्यामुळे पाऊस पडल्यानंतर किमान एक-दोन दिवस, आणि मुसळधार सरींनंतर त्याहूनही अधिक काळ थांबावे, असा संकेत जगभर रूढ आहे. शिळेच्या पायथ्याची माती उकरून पाहावी. ती ओलसर लागली, तर दगडही ओला समजावा. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात एल्ब नदीकाठच्या वालुकाश्म सुळक्यांवर ओल्या दगडावर चढाई करण्यास मनाई आहेच. शिवाय हाताला लावायचे चॉक आणि भेगेत अडकवायची धातूची साधनेही तेथे वर्ज्य आहेत.

पॅरिसजवळील फोंतेनब्लोचे जंगल हे या खेळाचे माहेरघर मानले जाते. तेथील वालुकाश्माच्या शिळांवर १९४७ पासून रंगीत बाण रंगवून चढाईच्या मालिका आखल्या गेल्या. परिणामी नवख्यालाही आपल्या आवाक्यातील वाट सापडू लागली. पण लाखो पावलांनी काही शिळा गुळगुळीत झाल्या, पकडी झिजल्या. लोकप्रियतेची किंमत दगडाने मोजली.

जागा तयार करताना

नवी जागा विकसित करताना पहिले काम असते चौकशीचे. जमीन खासगी आहे, वनखात्याची आहे की संरक्षित स्मारकाची, हे पाहून रीतसर परवानगी घ्यावी लागते. बदामीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, तर अगस्त्य तीर्थ तळ्याच्या परिसरात उघड्या कातळावर कप्पे अरभट्टाचा प्राचीन कन्नड लेख कोरलेला आहे. महाकूटकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवरील सिडलाफडी येथे नैसर्गिक कमानीखाली प्रागैतिहासिक रंगचित्रे आहेत. आरोहकाला मोह पाडणारे झुकते छत आणि आदिमानवाने निवाऱ्यासाठी निवडलेले छत पुष्कळदा एकच असते. म्हणून संशयास्पद रंग वा खुणा दिसताच तेथील काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवणे आवश्यक ठरते. संरक्षित स्मारकाला हानी पोहोचवणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा असून, २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

त्यानंतर शिळेची पाहणी होते. मागच्या सोप्या बाजूने माथ्यावर जाऊन सैल दगड तपासले जातात. माथ्यावरून उतरण्याची सुरक्षित वाट नसेल, तर ती शिळा सोडून दिलेली बरी. पकडींवर हलके ठोकून आवाज ऐकला जातो. पोकळ नाद आला, तर ती पकड कच्ची. सफाईसाठी मऊ ब्रशच वापरावा. तारेचा ब्रश दगडफुलाबरोबर वरचे कवचही खरवडून काढतो. छिन्नीने पकड कोरणे तर सर्वत्र निषिद्ध मानले जाते. पडण्याच्या जागेवरील सुटे धोंडे बाजूला करता येतात. झाडे तोडण्याचे कारण नाही. ये-जा करायला एकच पायवाट ठरवली, की भोवतालचे गवत आणि माती टिकते. शेवटी प्रत्येक चढाईला नाव आणि काठिण्यश्रेणी दिली जाते. अमेरिकी पद्धतीत ती व्ही-शून्यापासून व्ही-१७ पर्यंत जाते. फोंतेनब्लोची स्वतंत्र श्रेणीही प्रचलित आहे.

पाहुण्यांसाठी

बदामीला जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सोलापूर-गदग लोहमार्गावर विजापूर व बागलकोटनंतर बदामी स्थानक लागते. गाव तेथून सुमारे पाच किलोमीटरवर आहे. उन्हात दगड तापतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ चढाई आणि दुपारी विश्रांती, असा क्रम सोयीचा. माकडांपासून शिदोरी सांभाळावी आणि कड्यावर मधमाश्यांचे पोळे दिसल्यास ती बाजू टाळावी. चढण्यापूर्वी बुटांचे तळवे पुसावेत, कारण तळव्याला चिकटलेली वाळू दगडावर काचकागदाचे काम करते. चॉक बेताने वापरावे आणि निघताना त्याच्या खुणा मऊ ब्रशने साफ कराव्यात.

बोल्डरिंगला आता ऑलिम्पिकचे वलय लाभले आहे. २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ते पदकस्पर्धेचा भाग होते. शहरांतील कृत्रिम भिंतींवर तयार झालेले तरुण खऱ्या दगडाकडे वळणार, हे ओघानेच आले. कृत्रिम भिंतीवरची पकड तुटली, तर दुसरी बसवता येते. वालुकाश्माची तुटलेली पकड मात्र पुन्हा उगवत नाही. त्यामुळे नवी जागा शोधणाऱ्याची खरी कसोटी किती शिळा सर केल्या यात नाही, तर किती शिळा जाणूनबुजून तशाच राहू दिल्या यात आहे.