मोटार बोलते, ऐकणारा हवा

घड्याळ बंद पडले की माणूस ते कानाला लावतो. रेडिओ खरखरू लागला की त्याला एक चापट मारून पाहतो. पण लाखो रुपये मोजून घेतलेली मोटार कुरकुरू लागली, तर पुष्कळ मालक काचा वर करतात आणि गाणी मोठ्याने लावतात! आवाज ऐकू येईनासा झाला म्हणजे बिघाडही गेला, अशी त्यांची समजूत असावी.

दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या मोटारी गावाकडे निघतात. आमचीही पुण्याहून राळेगणसिद्धीला जाते. रांजणगाव, शिरूर, मग घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, आणि वाडेगव्हाणजवळ महामार्ग सोडून आत वळले की गाव. सारे मिळून सुमारे नव्वद किलोमीटर. अंतर फार नाही; पण गाडीत बायकामुले, फराळाचे डबे आणि म्हातारी आई असली म्हणजे नव्वद किलोमीटरही थोडे नव्हेत.

राळेगणचे नाव देशभर झाले ते अण्णा हजारे यांच्यामुळे. हे अण्णा मूळचे ड्रायव्हर, हे किती जणांना ठाऊक आहे? १९६० साली ते सैन्यात गेले आणि ट्रक चालवू लागले. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या ट्रकवर हल्ला झाला. बरोबरचे जवान गेले, ते वाचले. १९७५ साली ते गावी परतले आणि पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. लष्करात गाडी बाहेर काढण्यापूर्वी ती तपासण्याची शिस्त असते. ती शिस्त आपल्याला दहा मिनिटांत पाळता येते.

निघण्यापूर्वी दहा मिनिटे

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन थंड असताना तेलाची पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि मग वाचा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. टायरमधली हवाही थंड असतानाच मोजावी. किती हवी तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदललाच पाहिजे. आणि पाचवे चाक विसरू नका! ते डिकीत निजलेले असते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मग खाली वाकून जमीन पाहा. एअर कंडिशनर चालवल्यावर स्वच्छ पाणी ठिबकते, त्याची काळजी नको. काळपट, चिकट डाग म्हणजे तेल. हिरवा किंवा गुलाबी ओघळ म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेकचे तेल गळत असण्याचा संभव आहे. अशा वेळी प्रवास रद्द करावा, मग घरची मंडळी कितीही रुसोत.

दुखणे कसे ओळखावे?

चावी फिरवली आणि नुसता 'टक्' असा आवाज आला, दिवेही मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीत असतो किंवा तिच्या टोकांवर साठलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरात. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जळते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिनचे तेल जळते आहे. थंडीच्या सकाळी थोडी वाफ दिसणे स्वाभाविक. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट इंजिनच्या आत शिरत असावे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले तर चाकांचा तोल तपासून घ्यावा. ब्रेक दाबताना 'चिर्र' असा आवाज आला तर पॅड झिजले असावेत. पेडल लोण्यासारखे मऊ लागले, तर मात्र गाडी हलवूच नये.

समोरच्या दिव्यांचेही एक शास्त्र आहे. पिवळा दिवा म्हणतो, 'लवकर दाखवून घ्या.' लाल म्हणतो, 'आता थांबा.' तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यावर 'पुढच्या गावी पाहू' म्हणणाऱ्याला पुढच्या गावी नवे इंजिनच घ्यावे लागते.

एका मे महिन्यात शिरूर सोडल्यावर आमच्या गाडीचा उष्णतेचा काटा चढू लागला. मी एअर कंडिशनर बंद केला, गाडी रस्त्याच्या पार कडेला घेतली, चारही इशारादिवे लावले आणि इंजिन बंद केले. आमचे मेहुणे उत्साही! फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावले. मी त्यांचा हात धरला. झाकण बंद असते तोवर दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि क्षणात वाफेचा फवारा तोंडावर येतो. अर्धा-पाऊण तास थांबलो. नळीची पट्टी सैल झाली होती, तेवढी आवळली, पाणी भरले आणि हळूहळू गाव गाठले. मेहुण्यांचे डोळे शाबूत राहिले, ही त्या दिवसाची कमाई.

कायदा काय म्हणतो?

परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी ही चार कागदपत्रे हवीत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रतही चालते. विमा हा केवळ दंड चुकवण्यासाठी नसतो. विमा नसताना आपल्या गाडीने कोणी जखमी झाले, तर भरपाईपायी घरदार विकण्याची पाळी येऊ शकते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाला तर थांबणे, जखमीला औषधोपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या अपघातात मदत करायला भिऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

रात्री या रस्त्याने येणार असाल तर आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या सुमारास उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि कित्येकींना मागे दिवाच नसतो. आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता येईल इतकाच वेग ठेवा.

आता शेवटचे, आणि सर्वांत नाजूक. गावी पोचल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा भाचा चावी मागतो. 'मामा, फक्त देवळापर्यंत!' आजी म्हणते, 'दे रे, सणासुदीला पोराला नाराज करू नकोस.' अशा वेळी आजीला सांगावे की अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. देवळाच्या वाटेवर आपलीच नव्हे, दुसऱ्यांचीही मुले फटाके उडवीत असतात, हेही सांगावे.

पण भाच्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. चावीऐवजी तेलाची पट्टी आणि हवेचे मापक त्याच्या हाती द्या. परतीच्या दिवशी सकाळी गाडी तपासण्याचे काम त्याचे! अठरा वर्षांचा होईल तेव्हा नुसता गाडी हाकणारा न राहता तो गाडी ओळखणारा झालेला असेल.