'राम वॉज ईटन' : कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे गाव. इथल्या किंवा आसपासच्या कोणत्याही मराठी शाळेत नववी-दहावीच्या वर्गाला एक सोपे वाक्य इंग्रजीत करायला सांगून पाहा : 'रामाने आंबा खाल्ला होता.' काही वह्यांत हमखास असे उत्तर सापडेल – 'राम वॉज ईटन द मँगो.' मुलाच्या मनात आंबा खाणारा राम असतो, पण इंग्रजी वाचणाऱ्याला कोणीतरी रामालाच खाल्ल्याचे कळते!

आपण लाल शाईने रेघ मारतो, 'हॅड ईटन' असे लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो. पण ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती फार शिस्तीत झालेली चूक आहे. मुलाने मराठीतला एकेक शब्द नीट मोजून इंग्रजीत नेला, म्हणूनच ती झाली. तिचा मार्ग आपल्याला दिसला तर पॅसिव्ह व्हॉइस शिकवणे बरेच सोपे होते. तो मार्ग प्रथम पाहू या.

'होता' कोणाचा?

'राम शेतात होता' यातल्या 'होता'चे इंग्रजी 'वॉज'. मूल हे पाचवीच्या आधीच शिकते. पुढे 'रामाने आंबा खाल्ला होता' या वाक्यात तोच 'होता' पुन्हा भेटतो. इंग्रजीत मात्र इथे 'वॉज' चालत नाही, 'हॅड' लागते. पूर्ण काळ दाखवायला मराठी 'असणे' हेच क्रियापद वापरते (लिहिले आहे, खाल्ला होता, आली असेल). इंग्रजीने त्या कामासाठी 'हॅव' हे वेगळे क्रियापद नेमले आहे आणि 'बी' म्हणजे 'असणे' हे पॅसिव्हसाठी राखून ठेवले आहे.

म्हणजे 'आहे, होता, असेल' या आपल्या एका शब्दकुळासमोर इंग्रजीत दोन दारे आहेत. 'हॅज ईटन' या दारातून गेले की कर्ता खातो. 'इज ईटन' या दारातून गेले की कर्ता खाल्ला जातो. मूल दार चुकते, एवढेच. पॅसिव्हच्या धड्याआधी हा फरक फळ्यावर दोन रकाने करून दाखवला, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

दुसरा खड्डा आपणच खणून ठेवला आहे, आणि तो नावाचा आहे. मराठीच्या तासाला मुले शिकतात की 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या तासाला आपण 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असे सांगून मोकळे होतो. मुलाने यावरून काय समजावे? 'रामाने' म्हणजे 'बाय राम', आणि मराठीतला प्रत्येक 'ने' म्हणजे पॅसिव्ह!

प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'प्रयोग' विचारतो : क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते? 'व्हॉइस' विचारतो : वाक्याच्या पहिल्या आसनावर करणारा बसला आहे की ज्याच्यावर क्रिया झाली तो? 'रामाने रावण मारला' हा कर्मणी आणि 'रामाने रावणास मारले' हा भावे प्रयोग. पण दोन्हींचे सरळ इंग्रजी एकच – 'राम किल्ड रावण', आणि ते ॲक्टिव्ह आहे.

'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य पॅसिव्ह नाही, याच्या तीन साध्या कसोट्या वर्गात घेता येतील.

पहिली कसोटी काळाची. 'राम आंबा खातो' हा कर्तरी आणि 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी. बोलणाऱ्याने रामाला मागे सारायचे मुळीच ठरवलेले नाही. काळ बदलला म्हणून रूप आपोआप बदलले.

दुसरी कसोटी पुरुषाची. 'मी पोळी खाल्ली' या वाक्यात 'ने' दिसतच नाही, तरी 'खाल्ली' हे पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी. हे वाक्य 'पोळी माझ्याकडून खाल्ली गेली' अशा अर्थाचे आहे, असे कोणालाही वाटत नाही.

तिसरी कसोटी 'आपल्या' या शब्दाची. 'रामाने आपल्या मळ्यात आंबा खाल्ला' म्हटले की मळा रामाचा. 'आपला' हा शब्द वाक्याच्या धन्याकडे बोट दाखवतो, आणि इथे धनी रामच आहे.

शिवाय भूतकाळातली सगळी सकर्मक क्रियापदे 'ने' घेतही नाहीत. 'ती धडा शिकली', 'तो माझे नाव विसरला', 'मी पाणी प्यालो' ही वाक्ये कर्म असूनही कर्तरीच राहतात.

मग कर्मणी हे नाव आले कोठून? ते संस्कृत व्याकरणाच्या परंपरेतून आले. संस्कृतात 'रामेण फलं खादितम्' हे खरोखरच पॅसिव्ह वळणाचे वाक्य होते. पुढे प्राकृतांतून येता येता तेच वळण रोजच्या भूतकाळाचे झाले. अर्थातला पॅसिव्हपणा झिजून गेला, क्रियापदाचे कर्माशी असलेले नाते मात्र टिकले. हिंदीतल्या 'राम ने आम खाया'ची घडणही हीच. 'कर्मणी' हे नाव मराठी व्याकरणात चुकीचे नाही. ते पॅसिव्हचे भाषांतर म्हणून वापरणे चुकीचे आहे.

इंग्रजी पॅसिव्हशी खरे जुळणारे वाक्य म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' या वळणाला शालेय व्याकरणात नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. पण असे वाक्य घरात कोणी बोलत नाही. मग मराठी माणूस करणाऱ्याचे नाव गाळतो तरी कसे? तो म्हणतो, 'इथे हळद विकतात', 'रस्ता खणून ठेवलाय', 'काम करून झाले'. पॅसिव्ह शिकवताना हाती धरायचा धागा हाच आहे.

फ्रेंच मुलांचे ठेचकाळणे

हे आपल्याच वाट्याला आले आहे असे समजू नये. इंग्रजी शिकणारी फ्रेंच मुलेही इथेच अडखळतात, फक्त त्यांचे दगड थोडे वेगळे आहेत. फ्रेंचमध्ये पॅसिव्ह इंग्रजीसारखेच 'असणे' अधिक क्रियापदाचे धातुसाधित रूप असे होते. पण येणे, जाणे, निघणे अशा काही क्रियापदांचा पूर्ण काळही 'असणे' घेऊनच होतो. 'एल ए पार्ती' याचा शब्दशः अर्थ 'ती आहे गेलेली', आणि खरा अर्थ 'ती निघून गेली'. आपला 'आहे-होता'चा घोटाळा तिथे काही क्रियापदांपुरता तरी आहेच.

दुसरे साम्य अधिक गमतीचे. 'इथे फ्रेंच बोलली जाते' हे सांगायला फ्रेंच माणूस पॅसिव्ह टाळून 'ऑं पार्ल फ्रांसे' म्हणतो. त्यातला 'ऑं' म्हणजे कोणीतरी, लोक. आपण 'इथे मराठी बोलतात' म्हणतो तसेच हे. आणि 'आय वॉज गिव्हन अ बुक' हे वाक्य दोघांनाही सारखेच विचित्र वाटते. फ्रेंच काय किंवा मराठी काय, पुस्तक दिले जाऊ शकते, 'मी' दिला जाऊ शकत नाही!

एक नियम, आठ काळ

आता रूपांकडे वळू. पाठ्यपुस्तकांतला लांबलचक तक्ता पाठ करण्याऐवजी मुलांना एकच नियम द्यावा : ॲक्टिव्ह वाक्यात मुख्य क्रियापदाला जे रूप मिळाले असते, ते पॅसिव्हमध्ये 'बी'ला द्या. मग मुख्य क्रियापद तिसऱ्या रूपात मागे जोडा. काळाचे ओझे 'बी'ने वाहायचे, तिसरे रूप जागचे हलत नाही.

उदाहरणाला आपल्या जिल्ह्याची हळदच घेऊ. काढणीनंतर हळकुंडे शिजवतात, उन्हात वाळवतात, ढोलात फिरवून पॉलिश करतात आणि मग बाजारात नेतात. कोणी शिजवली हे सांगण्याची गरज नसते, म्हणून पॅसिव्हला हा विषय उत्तम.

साधा वर्तमान : टर्मरिक इज बॉइल्ड – हळद शिजवतात.
चालू वर्तमान : टर्मरिक इज बीइंग बॉइल्ड – हळद शिजवणे चालू आहे.
पूर्ण वर्तमान : टर्मरिक हॅज बीन बॉइल्ड – हळद शिजवून झाली आहे.
साधा भूत : टर्मरिक वॉज बॉइल्ड – हळद शिजवली.
चालू भूत : टर्मरिक वॉज बीइंग बॉइल्ड – हळद शिजवणे चालू होते.
पूर्ण भूत : टर्मरिक हॅड बीन बॉइल्ड – हळद शिजवून झाली होती.
साधा भविष्य : टर्मरिक विल बी बॉइल्ड – हळद शिजवतील.
पूर्ण भविष्य : टर्मरिक विल हॅव बीन बॉइल्ड – हळद शिजवून झालेली असेल.

नियम लावून पाहा. 'दे आर बॉइलिंग'मधला 'इंग' पॅसिव्हमध्ये 'बी'ला मिळाला, म्हणून 'बीइंग'. 'दे हॅव बॉइल्ड'मधले तिसरे रूप 'बी'ला मिळाले, म्हणून 'बीन'. 'विल' नंतरचे मूळ रूप 'बी'ला मिळाले, म्हणून 'विल बी'. 'मस्ट', 'कॅन', 'शुड' यांनाही हाच न्याय : 'टर्मरिक मस्ट बी बॉइल्ड'.

काळ बारा असताना इथे आठच का? उरलेल्या चारांत (चालू भविष्य आणि तिन्ही पूर्ण-चालू काळ) 'बी बीइंग' किंवा 'बीन बीइंग' अशी जोडी एकत्र येते. इंग्रज माणूसही ती सहसा टाळतो. मुलांना ती घोकायला लावू नये.

उजवीकडची मराठी वाक्येही पाहण्यासारखी आहेत. 'शिजवली जाते', 'शिजवली गेली आहे' अशी रूपे आपल्याला लागलीच नाहीत. साध्या काळासाठी कर्ता नसलेले 'शिजवतात', चालूसाठी 'शिजवणे चालू', आणि पूर्ण काळासाठी 'शिजवून झाली'. 'त्याचा पेरू खाऊन झाला' या वळणाला मराठी व्याकरणात समापन कर्मणी म्हणतात. 'बीन' दिसले की 'झाले' आठवा, 'बीइंग' दिसले की 'चालू' आठवा, एवढी खूणगाठ मुलांना पुरते.

हे सारे कशासाठी?

परीक्षेतला 'व्हॉइस बदला' हा प्रश्न मुले कशीबशी सोडवतात. 'राइस इज ईटन बाय मी' असे कोणीही कधी न बोललेले वाक्य लिहून गुणही मिळवतात. पण पॅसिव्हचे खरे काम पुढे आहे. अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या मराठी माध्यमाच्या मुलासमोर इंग्रजी पुस्तक येते आणि प्रयोगाच्या कृतीत पानोपानी पॅसिव्ह भेटतो. तिथे बहुतेक वाक्यांत 'बाय' नसतोच. नळी कोणी तापवली याला महत्त्व नसते, ती तापवली याला असते.

इथे वाचनातली चूक गुणांपुरती राहत नाही. प्रयोगशाळेतली एक सूचना घ्या : 'ॲसिड शुड बी ॲडेड टू वॉटर.' म्हणजे आम्ल पाण्यात घालावे, पाण्यात थोडे थोडे, ढवळत. ज्या मुलाला पॅसिव्ह कळत नाही तो 'ॲसिड', 'ॲड', 'वॉटर' हे ओळखीचे तीन शब्द उचलतो आणि 'ॲसिडमध्ये पाणी घालायचे' असा अर्थ लावू शकतो. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतले तर इतकी उष्णता निर्माण होते की पाणी उकळून आम्लाचे शिंतोडे अंगावर उडतात. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या इंग्रजी सूचनाही याच वळणाच्या असतात. पहिल्या आसनावर कोण बसले आहे आणि त्याने काही केले की त्याचे काही झाले, हे ओळखता येणे ही सुरक्षिततेचीही बाब आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

रूपांतराची वाक्ये देण्याऐवजी घडून गेलेल्या, चालू असलेल्या आणि व्हायच्या गोष्टींची एक साखळी द्यावी. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. तिची हकिगत काळांच्या सरावासाठी जणू तयारच आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांत या लहरी प्रथम टिपल्या गेल्या : 'वेअर डिटेक्टेड'. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जाहीर झाले : 'वॉज अनाउन्स्ड'. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या प्रकल्पाला मंजुरी दिली. आज त्याबद्दल तारीख न देता बोलायचे तर 'हॅज बीन अप्रूव्ह्ड', तारीख देऊन बोलायचे तर 'वॉज अप्रूव्ह्ड इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री'. वेधशाळा उभारणे चालू आहे : 'इज बीइंग सेट अप'. ती पुरी झाली की दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींचे वेध घेतील : 'विल बी ऑब्झर्व्ह्ड'.

प्रत्येक वाक्यापाशी मुलांना तीनच प्रश्न विचारावेत. पहिल्या आसनावर कोण आहे? त्याने केले की त्याचे झाले? आणि 'बी' कोणत्या काळात आहे? मग तेच वाक्य घरी आजीला सांगू तशा मराठीत सांगायला लावावे. 'टिपल्या गेल्या' ऐवजी कोणी 'लहरी सापडल्या' म्हणाले तर त्याला शाबासकी द्यावी. कारण त्याला रूप नव्हे, अर्थ कळला आहे.

आणि पुन्हा कधी वहीत 'राम वॉज ईटन द मँगो' दिसले, तर लाल रेघ मारण्याआधी क्षणभर थांबावे. त्या मुलाला मराठी उत्तम येते, याचा तो पुरावा आहे. तिथूनच पुढे न्यायचे आहे.