कापड निळं करायला रंगारी बॅक्टेरिया का पाळतात?

नैसर्गिक इंडिगोने रंगवलेले कुर्ते आणि साड्या सध्या इन्स्टाग्रामवर खूप दिसतात. त्याचा एक व्हिडीओ तर तुम्हीही बघितला असेल. हिरवट-पिवळ्या पाण्यातून कापड बाहेर येतं आणि हवा लागताच बघता बघता निळं होतं. ना फिल्टर, ना एडिटिंग. मग हे होतं कसं?

तर मुळात नीळ पाण्यात विरघळतच नाही. पाण्यात टाकली की ती तळाशी बसते, धाग्यात शिरत नाही. म्हणून आधी तिला इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. शाळेच्या पुस्तकात याला क्षपण म्हणायचे. क्षपण झालेली नीळ अल्कली म्हणजेच क्षारयुक्त पाण्यात विरघळते, पण तिचा निळा रंग जातो. अशा अवस्थेत ती धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, नीळ परत निळी होते आणि धाग्यातच अडकून बसते.

थोडक्यात, निळा रंग हवा असेल तर आधी तो घालवावा लागतो. आणि पारंपरिक पद्धतीत हे काम करतात बॅक्टेरिया.

चुन्याच्या पाण्यात राहणारे जीव

जपानच्या तोकुशिमा भागात निळीच्या झाडाची पानं साधारण 100 दिवस कुजवून 'सुकुमो' तयार करतात. मग राखेचं पाणी, चुना आणि गव्हाचा कोंडा घालून तो आंबवतात. या पाण्याचा पीएच 10 ते 11 च्या आसपास असतो. पीएच 1 ने वाढला की क्षारता 10 पट होते, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा हे पाणी हजार पटीहून जास्त क्षारयुक्त. बहुतेक जंतू इथे तग धरत नाहीत.

पण काही बॅक्टेरियांना असंच पाणी लागतं. जपानी शास्त्रज्ञांनी अशा रंगाच्या पिंपातून बऱ्याच जाती शोधल्या. 2008 मध्ये त्यातल्या एकीला नाव दिलं अल्कलीबॅक्टेरियम इंडिसिरेड्युसेन्स, म्हणजे थेट 'नीळ क्षपण करणारा'.

हे बॅक्टेरिया कोंडा खातात आणि त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन निळीला मिळतात. पण खाताना ते आम्लही बनवतात, त्यामुळे पीएच खाली येतो. तो फार घसरला तर दुसरे जंतू शिरतात आणि सगळं सडतं. म्हणून रंगारी रोज वास घेतो, फेस बघतो आणि लागेल तसा चुना टाकतो.

आपल्याकडेही हे ज्ञान होतं. दक्षिण भारतातले रंगारी पिंप आंबवायला टाकळ्याच्या बिया वापरत आले आहेत. हो, पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो तोच टाकळा, विदर्भातला तरोटा.

मग हे मागे का पडलं?

1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. पुढे बॅक्टेरियांची जागा सोडियम हायड्रोसल्फाइटने घेतली. रंगारी त्याला 'हायड्रो' म्हणतात. आंबवायला कित्येक दिवस लागतात, हायड्रो ते काम काही मिनिटांत करतं. आज जीन्सचं बहुतांश कापड याच पद्धतीने रंगतं. पण काम झाल्यावर हायड्रोचे सल्फेट आणि सल्फाइट होतात आणि ते सांडपाण्यात जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. लेबलवर 'नैसर्गिक इंडिगो' लिहिलं असेल तर त्यावरून फक्त नीळ झाडाची आहे एवढंच कळतं. ती विरघळवायला हायड्रो वापरलं असू शकतं. तुम्ही जास्त पैसे पर्यावरणासाठी मोजत असाल तर विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा, 'रंग आंबवून केलाय की हायड्रो टाकून?'