परकोट, ससा आणि तेरावा नियम

चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या मुलाला आपल्या जिल्ह्याचा इतिहास शाळेत रीतसर भेटतो तो तिसरीत. बालभारतीने तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ जिल्हावार काढलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण चौथीत मुलगा शिवछत्रपतींकडे जातो आणि पुढे सगळ्या राज्याला एकच पुस्तक. म्हणजे आठ वर्षांचं पोर जिल्ह्यातले किल्ले आणि देवळं तोंडपाठ करतं, आणि तेच पोर ‘हे कशावरून?’ असं विचारण्याच्या वयाला येतं तोवर जिल्हा पुस्तकातून निघून गेलेला असतो. ही पोकळी भरायला वारसा संस्था पुढे येतात, शाळा त्यांचं स्वागत करतात, आणि १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात रांगोळी, निबंध, वक्तृत्व, प्रमाणपत्रं, बॅनरसमोर फोटो असा साग्रसंगीत कार्यक्रम पार पडतो. त्याने कुणाचं नुकसान होत नाही; इतिहासही शिकवला जात नाही. माहिती पुस्तकात आहे, आता मोबाइलवरही आहे, तेवढ्यासाठी बाहेरचा पाहुणा बोलवायला नको. शाळेला एकटीने जमत नाही ते पुराव्यापर्यंत पोचणं. बंद दरवाजा उघडून घेणं, जुना कागद मिळवणं, जाणत्या माणसासमोर मुलांना बसवणं, एवढं संस्थेने करावं आणि मग गप्प राहावं. दोघांच्या सहकार्याची कसोटी माझ्या मते एवढीच आहे.

चंद्रपुरात असा पुरावा शहराला वेढून उभा आहे. गोंड राजांचा परकोट सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, शिवाय खिडक्या. शहर कित्येक वर्षं या भिंतीला पाठ लावून वाढलं आणि भिंत झाडोऱ्यात, कचऱ्यात दिसेनाशी झाली. १ मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने तिची साफसफाई हाती घेतली. शेकडो दिवस सकाळी सकाळी हे काम चाललं, त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला, आणि भिंत मोकळी झाल्यावर तटावरून वारसा फेऱ्या निघू लागल्या. झुडूप निघालं की तटाची रचना वाचता येते: दर्शनी बाजूला घडीव दगड, पोटात भराव, माथ्यावर चालण्याजोगी वाट, कठड्यात जंग्या. पिंपळाचं मूळ दोन दगडांच्या सांध्यात शिरून जाड झालेलं असतं, ते हिसका देऊन ओढलं तर दगडही सुटतो. म्हणून ते कापायचं कुठे आणि राहू द्यायचं कुठे हे हात चालवण्याआधी ठरवावं लागतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. विद्यार्थ्यांच्या हातात झाडू दिला म्हणजे श्रमदान झालं, इतिहास कुठे झाला? खरंच होत नाही. तो होतो पुढच्या तासाभरात, जर कुणी मुलांना तटाच्या एका शंभर पावलांच्या तुकड्यावर बसवून विचारलं तर. दगडांची घडण सगळीकडे सारखी आहे का? मधेच बदलली असेल तर डागडुजी कुणी, कधी केली असेल? मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडलं आणि चांदा, म्हणजे तेव्हाचं चंद्रपूर, घेतलं, ते खिंडार कोणत्या अंगाला असावं? इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या पुराचा तटाच्या आखणीशी काही संबंध दिसतो का? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. नसलेलंच बरं. उत्तर ठाऊक असलेला माणूस ते सांगून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: स्थानिक इतिहास म्हणजे स्थानिक अभिमान, आणि अभिमान म्हणजे आख्यायिकांना तथ्याचा दर्जा. चंद्रपूरच्या स्थापनेची कथा इथल्या लहान-थोरांना ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर फोड होते, झरपटच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातल्या पाण्याने ते बरे झाले, आणि तिथेच पुढे एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. ज्या मार्गाने तो पाठलाग झाला त्या मार्गाने तट आखला गेला. वारसा फेरीत ही कथा रंगवून सांगितली जाते आणि मुलं ती मान डोलावत ऐकतात. पण हाच ससा अहमदाबादच्या स्थापनेत आहे, विजयनगरच्याही स्थापनेत आहे. तीन राजवटी, तीन भाषा, तीन धर्म-परंपरा, आणि ससा एकच. तीन कथा शेजारी शेजारी ठेवल्या की आठवीतल्या मुलांना फार समजावावं लागत नाही. इतिहास म्हणून ही कथा खोटी ठरते, पण टाकाऊ ठरत नाही. नवी राजधानी वसवणाऱ्या राजाला ‘ही भूमीच बलवान आहे, इथे दुबळाही सबळावर धावून जातो’ असं लोकांच्या तोंडून म्हणवून घेणं गरजेचं वाटत होतं, हे त्यातून कळतं. शिवाय तटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. राजाने दगडात सिंह कोरवला आणि लोकांनी कथेत ससा ठेवला, ही विसंगती मला त्या सगळ्या तटात सर्वांत गमतीची वाटते. अभिमानावर उतारा हाच: आपली गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीशेजारी ठेवायची. वारसा संस्थेला तो पचणं मात्र जड जातं, कारण आख्यायिकेवर टाळ्या मिळतात. शिक्षकाने इथे संस्थेला अडवलं पाहिजे. सहकार्य म्हणजे दर वेळी एकमेकांची री ओढणं नव्हे.

याहून कठीण कसोटी बाबुराव शेडमाके यांची. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध गोंड-माडिया आणि इतरांची फौज उभी केली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी दर वर्षी त्या दिवशी लोक मानवंदनेला जमतात. शाळेसाठी हे तयार ‘स्थळ’ आहे, आणि तिथेच खरी अडचण सुरू होते. त्यांच्याबद्दलचा समकालीन लिखित पुरावा बहुतेक सगळा सरकारी बाजूचा: डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनच्या प्रशासनाचा, आणि त्यावर बेतलेल्या जमाबंदी अहवालाचा नि गॅझेटियरचा. प्राणहितेकाठी चिंचगुडीला २९ एप्रिल १८५८ रोजी तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला, एवढा तपशील आपल्याला मिळतो तो मारल्या गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्यांकडून. तुरुंगापाशी जमणाऱ्यांची आठवण दुसरीकडून येते, आणि तिच्यात तारखांना फार महत्त्व नाही. मुलांना यातली एकच बाजू देणं सोपं आहे आणि दोन्हीकडच्यांनी ते केलेलं आहे. दोन्ही पुढ्यात ठेवून ‘शत्रूच्या कागदातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं?’ असं विचारणं हे शिक्षकाचं काम. कागदाची प्रत मिळवून देणं हे इंटॅक या वारसा न्यासाच्या चंद्रपूर शाखेसारख्या संस्थांनी करण्याजोगं काम, कारण खेड्यातला शिक्षक अभिलेखागाराच्या पायऱ्या झिजवू शकत नाही.

वेळ कुठे आहे, असं मुख्याध्यापक विचारतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत. त्यांतले तीन दिवस पुरतात. शिक्षक बदलून आलेले, परजिल्ह्यातले असतात, हीही तक्रार आहे, पण ती उलटीही पडते. गावातल्या माणसाला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, दिसतच नाही, इतका तो नेहमीचा असतो. पाळ कुणी बांधली, पाणी सोडायचा तुडुम कुणाच्या ताब्यात होता, पाटाचं पाणी आधी कुणाच्या धानाला, हे बाहेरून आलेल्या मास्तरालाच विचारावंसं वाटतं. तलाव बांधणाऱ्याला गोंड राजे जमीन देत, अशी नोंद चांद्याची जमाबंदी करणाऱ्या मेजर लूसी स्मिथने केली आहे. किल्ला नसलेलं गाव इथे सापडेल. तलाव नसलेलं शोधावं लागेल.

आता वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत यावं. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा चांद्याचाच भाग, पण वारसा संस्थांचा वावर इथे विरळ होत जातो. मार्कंड्याची देवळं आणि वैरागडचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहेत. भामरागडच्या रानात माडिया लोक आपल्या मृतांसाठी आजही शिळा उभ्या करतात, त्या कुठल्याच यादीत नाहीत. हजारो वर्षांपूर्वीची शिलावर्तुळं पाहायला अभ्यासक विदर्भभर फिरतात, आणि दगड का उभा करतात हे सांगू शकणारी माणसं इथे हयात आहेत. मग या जिल्ह्यात शाळेने कुणाचा हात धरायचा? माझं उत्तर: ग्रामसभेचा. तिला वारसा संस्था म्हणायला आपण बिचकतो, कारण तिच्याकडे लेटरहेड नाही, फेरी नाही, फेसबुक पान नाही. पण वनहक्क कायदा २००६ खाली दावे करताना गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी जे केलं ते स्थानिक इतिहासलेखनच आहे. २००८ पासून लागू झालेल्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो: सरकारी नोंदी आणि गॅझेटियर तर आहेतच, पण विहिरी, दफनभूमी, देवस्थानं अशा खुणा, वंशावळ, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही. शिवाय एकाहून अधिक पुरावे पाहावेत असंही तोच नियम सांगतो. इतिहासाच्या प्राध्यापकाला पहिल्या वर्षाला हेच शिकवावं लागतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला आणि मर्दा या गावाला २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले, आणि पुढे जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना. प्रत्येक मंजूर दाव्यामागे कागदांचा एक गठ्ठा आहे: नकाशा, सीमांची नावं, शेजारच्या गावांची संमती, म्हाताऱ्यांचे जबाब.

हे दावे हेतू ठेवून केलेले, जंगल मिळवण्यासाठी. त्यांना इतिहास कसं म्हणायचं? तसं पाहिलं तर जमाबंदी अहवाल सारा मिळवण्यासाठी लिहिलेला आहे, आणि आपण तो बिनदिक्कत उद्धृत करतो. हेतू असलेला कागद कसा वाचायचा हेच शिकायचं असेल तर दोन्ही वर्गात आणावेत. त्यात एक फायदाही आहे: लूसी स्मिथला उलट प्रश्न विचारता येत नाही, जबाब देणाऱ्या आजोबांना विचारता येतो. फक्त तो गोंडीत किंवा माडियात विचारावा लागेल. भाषेचा प्रश्न इथे बाजूला सारता येत नाही. धानोऱ्याच्याच मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, शिक्षण विभागाने मान्यता नसल्याची नोटीस दिली, आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ग्रामसभेने सरकारी शाळेची वाट पाहत बसायचं नाकारलं, असाही त्याचा अर्थ लावता येईल. सरकारी शाळेला ग्रामसभेशी सहकार्य करायचं तर आधी तिला ज्ञान देणारी बाजू मानावं लागेल, आणि गेली पन्नास वर्षं आश्रमशाळेची सगळी रचना त्याच्या उलट गृहीतावर उभी आहे.

एक मर्यादा पाळावीच लागेल. दफनभूमी आणि देवस्थानं दाव्यात नोंदली गेली म्हणून ती वर्गाच्या प्रकल्पवहीत किंवा यूट्यूबवर जावीत असं नाही. कोणता कागद दाखवायचा, कोणता नाही, कुठल्या शिळेचा फोटो काढायचा, हे ग्रामसभेने ठरवावं आणि तिचा नकार शाळेने निमूट मानावा. वारसा संस्थांना हे सर्वांत अवघड जाईल, कारण दाखवणं हाच त्यांचा धंदा आहे. बाकी जे दाखवता येतं त्याची घाई आहे. २००८-०९ मध्ये जबाब देणाऱ्यांतले बरेच जण तेव्हाच सत्तरीच्या पुढचे होते, आणि आज आठवीत बसलेला मुलगा त्यानंतर जन्मला. गठ्ठ्याची एक प्रत ग्रामसभेकडे, एक उपविभागीय कार्यालयात असते. शाळेत सहसा एकही नसते. वनहक्क समितीच्या अध्यक्षांकडे जाऊन ती परवानगीने मागणं आणि तालुक्याच्या गावी झेरॉक्स काढून आणणं, एवढं काम समाजशास्त्राच्या मास्तरांना या दिवाळीआधीही करता येईल.