आमची कोठेही शाखा नाही

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी शेजारच्या घरातली सून हातात मोबाइल घेऊन आली. "काका, जरा हे बघता का? खरं असेल का हो?" पडद्यावर जांभळ्या रंगाची, मोराच्या पदराची पैठणी होती. मूळ किंमत नऊ हजार, आज रात्री बारापर्यंत फक्त अकराशे नव्याण्णव. दुकानाचे नाव आम्ही दोघांनीही कधी ऐकले नव्हते. पण पानाच्या तळाशी तीन गोल शिक्के हिरव्या रंगात झळकत होते: 'प्रमाणित दुकान', 'शंभर टक्के सुरक्षित', 'विश्वासार्ह विक्रेता'. तिचा सारा भरवसा त्या तीन शिक्क्यांवर होता. "शिक्का आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असेलच ना?"

मी पहिल्या शिक्क्यावर बोट ठेवले. काही उघडले नाही. दुसऱ्यावर ठेवले, तिसऱ्यावर ठेवले, तेच. ते शिक्के नव्हतेच, शिक्क्यांची चित्रे होती. भिंतीवर रंगवलेल्या खिडकीतून वारा येत नाही, तसे.

तिच्या प्रश्नाला हसण्यासारखे मात्र काहीच नव्हते. आपण सगळेच पिढ्यान्‌पिढ्या शिक्क्यावर विसंबून खरेदी करत आलो आहोत. कल्याणच्या बाजारात धान्य घेताना तराजूतल्या वजनावर निरीक्षकाचा ठसा आहे की नाही, हे जाणती माणसे बघत. तुपाच्या डब्यावर 'ॲगमार्क' बघितला जाई. त्याचा कायदा १९३७ सालचा. इस्त्री, गिझर, वायर घेताना 'आयएसआय आहे ना?' हा प्रश्न तर घरातल्या अक्षरशत्रू आजीलाही पाठ होता. ते चिन्ह देणारी संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून ती 'भारतीय मानक ब्युरो' या नावाने काम करते आहे.

त्याखेरीज एक शिक्का असा होता की जो कोणत्याही सरकारने दिलेला नव्हता. ठाण्याच्या गोखले रोडवर, जांभळी नाक्यावर, डोंबिवलीच्या फडके रोडवर दुकानांच्या पाट्यांवर तो रंगवलेला असे: 'आमची कोठेही शाखा नाही'. परगावच्या माणसाला यात काय मोठेपणा, असे वाटेल. पण त्या चार शब्दांत सगळा करार होता. मी इथेच बसतो, उद्याही इथेच बसणार आहे, माल खराब निघाला तर तुम्ही मला इथेच येऊन गाठू शकता. दुकानदाराची मुले आपल्याच मुलांच्या शाळेत, त्याची बायको आपल्याच हळदीकुंकवाला. एका घराला फसवले तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळणार. या भीतीला आपण भरवसा म्हणत होतो.

मोबाइलमधल्या दुकानाला ती भीती नाही. त्याचा माल बहुधा आपल्याच जिल्ह्यातून, भिवंडीच्या अवाढव्य गोदामांतून निघतो. २०२४ साली माणकोली-मोठागाव पूल सुरू झाल्यापासून तर भिवंडी आणि डोंबिवली यांच्यात खाडी असल्याचेही जाणवत नाही. पण विकणारा कोण, तो कुठे बसतो, हे कळायला मार्ग नाही. मग ती रिकामी जागा शिक्क्याने भरावी, ही कल्पना सुचणे स्वाभाविकच होते.

अमेरिकेत 'ट्रस्ट-ई' नावाची संस्था १९९७ साली याच कामासाठी निघाली. संकेतस्थळ ग्राहकाची माहिती नीट सांभाळते की नाही हे तपासायचे आणि पसंत पडले तर आपले चिन्ह लावू द्यायचे. पुढे २००६ साली बेंजामिन एडेलमन या अभ्यासकाने हजारो संकेतस्थळे पडताळून पाहिली. एकूण संकेतस्थळांत भरवसा ठेवण्याजोगी नसलेली सुमारे अडीच टक्के निघाली. 'ट्रस्ट-ई'चे चिन्ह मिरवणाऱ्यांत तेच प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक! हे उलटे कसे झाले? ज्याची पत आधीच आहे त्याला शिक्क्याची निकड नसते. ज्याला पत नाही तोच शिक्क्यासाठी धावतो, आणि शिक्का देणाऱ्याची मिळकत त्याच्याच वर्गणीवर चालते. पुढे २०१४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच संस्थेवर ठपका ठेवला: दरवर्षी फेरतपासणी करू असे सांगून २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती केलीच नव्हती. संस्थेने दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

जर्मनीतल्या कोलोन शहरात १९९९ साली सुरू झालेल्या 'ट्रस्टेड शॉप्स'ने निराळी वाट धरली. चिन्ह असलेल्या दुकानाने माल दिला नाही किंवा पैसे परत केले नाहीत, तर ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाईची हमी ग्राहकाला मिळते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. शिक्का खोटा ठरला तर पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे विचारले की बहुतेक शिक्क्यांचे रंग उडतात.

तीच गत पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या कुलपाची. 'कुलूप दिसलं की बिनधास्त पैसे भर,' असे आपण मुलाबाळांना सांगत आलो. वास्तविक त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारा मजकूर वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे की भामटा, याविषयी कुलूप काहीच बोलत नाही. भामट्यालाही ते फुकटात मिळते. गूगलने २०२१ साली केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ अवघ्या ११ टक्के लोकांना सांगता आला. शेवटी २०२३ साली त्या कंपनीने आपल्या क्रोममधून ते चित्रच काढून टाकले.

पण शिक्क्यावर विसंबल्याची सर्वांत जड किंमत मोजावी लागली ती परदेशात नव्हे, आपल्या डोंबिवलीत. आणि ती साडीची वा कुकरची नव्हती, घराची होती.

बांधकाम क्षेत्रासाठी 'महारेरा' हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून सुरू झाले. घर घेण्यापूर्वी संकेतस्थळावर जायचे, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक बघायचा (ठाणे जिल्ह्याचा असेल तर तो तेव्हा 'पी ५१७'ने सुरू होई), कागदपत्रे वाचायची. खरेदीदाराने आणखी काय करायचे? कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींच्या बाबतीत लोकांनी नेमके हेच केले होते. नोंदणी क्रमांक होता. त्या क्रमांकावर बँकांनी कर्जेही दिली. पुढे उघड झाले की नोंदणीसाठी जोडलेल्या महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या. महापालिकेचे कागद खोटे, आणि त्या खोट्या कागदांवर मिळालेले प्रमाणपत्र मात्र खरे!

एका वास्तुरचनाकाराने हा प्रकार जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयापुढे आणला, २०२२ साली गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांत निवृत्तीची पुंजी घातलेले होते, दागिने मोडलेले होते, पुढची पंधरा वर्षे हप्ते फेडायचे असलेले होते. रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही, असे आश्वासन राज्य सरकारने पुढे दिले. कोर्टकचेऱ्यांचे फेरे काही सुटले नाहीत.

या साखळीत प्रत्येकजण आपल्या अलीकडच्या शिक्क्याकडे बोट दाखवत होता. ग्राहक म्हणाला बँकेने पाहिले असेल, बँक म्हणाली महारेराने पाहिले असेल, आणि महारेरा बांधकाम व्यावसायिकाने स्वतः जोडलेल्या कागदांवर विसंबली. मूळ कागद महापालिकेच्या दप्तरात आहे का, हे जाऊन बघणे कुणाच्याच कामात बसत नव्हते. ते दप्तर काही फार दूर नव्हते. महापालिकेकडून थेट खातरजमा केल्याशिवाय नोंदणी द्यायची नाही, हा नियम २०२३ पासून अमलात आला. इतक्या साध्या गोष्टीसाठी ६५ इमारती उभ्या राहाव्या लागल्या.

शिक्का खरा असूनही फसगत होते ती आणखी एका वाटेने. सोन्यावरचे हॉलमार्क घ्या. योजना २००० सालची, सक्ती जून २०२१ पासून आणि सहा अक्षरी-अंकी 'एचयूआयडी' क्रमांकाशिवाय दागिना विकायचा नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासूनचा. चांगली योजना आहे. पण ते हॉलमार्क दागिन्यातल्या सोन्याची शुद्धता सांगते, सराफाची नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवलीत आणि ठाण्यात दुकाने असलेल्या एका सराफी पेढीने अचानक कुलूप लावले, तेव्हा बुडाले ते मासिक बचत योजनेत पैसे भरणारे. दागिने चोख निघत, मग भिशीही चोखच असणार, असा हिशेब लोकांनी मनाशी केला होता.

ऑनलाइन दुकानांच्या बाबतीत आपल्याकडचा कायदा अगदीच मुका नाही. जुलै २०२० पासून लागू असलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवायलाच हवे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयएसआय चिन्ह नसलेले २,२६५ प्रेशर कुकर आपल्या मंचावरून विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि कुकर परत घेऊन पैसे द्यायला सांगितले. कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. तसाच दंड फ्लिपकार्टलाही झाला, ५९८ कुकरांसाठी. ज्या मंचावर आपण डोळे मिटून विसंबतो तिथली ही कथा. आणि वाफ कोंडणाऱ्या भांड्याची!

त्याच वर्षी नोव्हेंबरात मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानकही आणले. पाच ताऱ्यांचे खोटे अभिप्राय विकत घेता येतात, त्यांना आळा बसावा म्हणून. पण ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक शिस्त कोण आधी पाळतो, हे एडेलमनच्या आकड्यांनी सांगितलेच आहे.

या सगळ्या गदारोळात मला राहून राहून एक जुनी, बिनचमकीची व्यवस्था आठवते. १९७५च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी, संगीतकार सुधीर फडके आदींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत तिची याद्या भरण्याची संध्याकाळ एके काळी घरोघरी ठाऊक होती. आसपासच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका सभासदाच्या घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटप करायचे. जिन्यात साबणाचा आणि हिंगाचा मिसळलेला वास, वह्या, हिशेब, 'तुमची तूरडाळ दोन किलो की तीन?' माल निवडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरीही तीच डाळ शिजे. डाळ खराब निघाली तर पुढच्या महिन्यात तो माल देणाऱ्याची ऑर्डर गेली. त्या पिशवीवर कसलाच हिरवा गोल नव्हता.

ही व्यवस्था आज सगळ्यांना झेपणार नाही, हे मला कळते. सात पन्नासची लोकल पकडणाऱ्या जोडप्याला वाटपासाठी वेळ कुठला? म्हणूनच शिक्का वाचायचा कसा, हे तरी घरात प्रत्येकाला यायला हवे. मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' हे ॲप फोनवर फुकट मिळते. आयएसआय चिन्हाखाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो, तो त्यात घातला की कोणत्या कारखान्याला, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे समजते. दागिन्याचा एचयूआयडीही तसाच पडताळता येतो. चित्र कुणालाही छापता येते, क्रमांकाला मात्र पलीकडून उत्तर यावे लागते. पैसे गेलेच तर सायबर मदतीसाठी १९३० आणि ग्राहक हेल्पलाइनसाठी १९१५.

पैठणी अर्थातच घेतली गेली नाही. त्या दुकानाच्या पानावर पत्ता नव्हता, तक्रार अधिकाऱ्याचे नाव नव्हते; एक ईमेल तेवढा होता. पण सूनबाईंना पडताळणीचा छंद लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली एकेक वस्तू उलटी करून क्रमांक वाचायला सुरुवात केली. मंगळसूत्राचा क्रमांक बरोबर निघाला. दिवाळीत ऑनलाइन मागवलेल्या इस्त्रीवरचा क्रमांक ॲपमध्ये सापडला खरा, पण तो निघाला कुठल्याशा भलत्याच कारखान्याला पंख्यांसाठी दिलेला.

त्यांनी त्याच ॲपवरून तक्रार नोंदवली आणि ज्या मंचावरून इस्त्री घेतली त्याच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिले. पोच दुसऱ्याच दिवशी आली. महिना पुरा व्हायला अजून नऊ दिवस आहेत. तोवर कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जात आहेत.